भारत–नेपाळ खुली सीमा : व्हिसामुक्त प्रवास आणि सीमापार गुन्हेगारी

मुंबई, ठाणे आणि वसई-विरार परिसरातील अनेक गृहसंकुलांच्या प्रवेशद्वारावर नेपाळहून आलेला पहारेकरी आपल्या परिचयाचा आहे. रत्नागिरी आणि देवगडच्या आंबा बागांत मोसमाच्या दिवसांत राखणीसाठी नेपाळी कामगार ठेवले जातात. कोकण किनाऱ्यावरील मच्छीमार नौकांवरही नेपाळी खलाशी काम करताना दिसतात. यांपैकी बहुतेकांनी भारतात येताना कोणाला पारपत्र दाखवलेले नसते आणि व्हिसाही घेतलेला नसतो. तरीही त्यांचे येथे येणे, राहणे आणि काम करणे पूर्णपणे कायदेशीर असते.

दोन स्वतंत्र राष्ट्रांच्या नागरिकांना एकमेकांच्या देशात अशी मोकळीक असणे ही जगात तुलनेने दुर्मीळ गोष्ट आहे. लाखो गरीब कुटुंबांची चूल या मोकळिकीवर पेटते. मात्र ज्या रस्त्याने पहारेकरी आणि खलाशी येतात, त्याच रस्त्याने बनावट नोटा येतात, फरारी गुन्हेगार निसटतात आणि फसवून आणलेल्या मुलीही येतात. त्यामुळे सीमा खुली असल्यामुळेच गुन्हे वाढतात काय आणि ती बंद केल्यास ते थांबतील काय, हे प्रश्न वारंवार विचारले जातात. प्रस्तुत लेखात या सीमेचा इतिहास, तिच्याशी निगडित गुन्ह्यांचे स्वरूप आणि त्यांवरील उपाय यांची माहिती दिली आहे.

सीमेची ओळख

भारत आणि नेपाळ यांच्यातील सीमेची लांबी सुमारे १,७५१ किलोमीटर आहे. उत्तराखंड, उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल आणि सिक्कीम ही पाच भारतीय राज्ये तिला लागून आहेत. सीमेवर तारेचे कुंपण नाही. दोन्ही देशांच्या सीमास्तंभांलगत मोकळ्या जमिनीचा एक अरुंद पट्टा सोडलेला असून स्थानिक लोक त्याला ‘दशगजा’ म्हणतात. अनेक ठिकाणी एका बाजूला घर आणि दुसऱ्या बाजूला शेत अशी स्थिती आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी होत आल्या आहेत. या नात्याला तिकडे ‘रोटी-बेटीचा संबंध’ असे म्हटले जाते.

बनबसा–गड्डाचौकी, रुपईडिहा–नेपाळगंज, सोनौली–भैरहवा, रक्सौल–बीरगंज, जोगबनी–विराटनगर आणि पानीटंकी–काकडभिट्टा हे प्रमुख रहदारीचे मार्ग होत. त्यांच्याखेरीज असंख्य पायवाटा, बैलगाडीचे रस्ते आणि नदीचे उतार आहेत. तेथे कोणतीही चौकी नसते.

ही मोकळीक माणसांपुरती आहे, मालाला ती लागू नाही. व्यापारी मालाची ने-आण ठरलेल्या सीमाशुल्क नाक्यांवरूनच करावी लागते आणि त्यावर कर भरावा लागतो. तिसऱ्या देशाच्या नागरिकालाही ही सवलत मिळत नाही. त्याला पारपत्र आणि व्हिसा लागतोच. परंतु जेथे कोणाचीच कागदपत्रे तपासली जात नाहीत, तेथे कोण कोठला नागरिक आहे हे ओळखणे कठीण होते. पुढील अनेक अडचणींचे मूळ येथे आहे.

मुक्त प्रवासाची पार्श्वभूमी

आजच्या सीमेचा पाया सुगौलीच्या तहाने घातला गेला. ईस्ट इंडिया कंपनी आणि नेपाळ यांच्यातील युद्धानंतर डिसेंबर १८१५ मध्ये हा तह झाला आणि मार्च १८१६ मध्ये तो कायम करण्यात आला. १८५७ च्या उठावात नेपाळच्या राणा शासकांनी इंग्रजांना मदत केली. तिची परतफेड म्हणून १८६० मध्ये पश्चिम तराईचा काही भाग नेपाळला परत मिळाला. पुढे इंग्रजांना फौजेसाठी गुरखा शिपाई हवे होते, चहाच्या मळ्यांना मजूर हवे होते आणि नेपाळलाही व्यापाराची गरज होती. त्यामुळे सीमा मोकळी राहणे दोघांच्याही सोयीचे ठरले.

स्वातंत्र्यानंतर ३१ जुलै १९५० रोजी काठमांडू येथे भारत आणि नेपाळ यांच्यात शांतता आणि मैत्रीचा करार झाला. या कराराच्या सातव्या कलमानुसार निवास, मालमत्ता, व्यापार आणि संचार यांबाबत एकमेकांच्या नागरिकांना परस्पर तत्त्वावर समान सवलती देण्याचे मान्य करण्यात आले. आजची व्हिसामुक्त ये-जा या कलमावर उभी आहे. परदेशी नागरिकांसंबंधी भारताने २०२५ मध्ये नवा कायदा लागू केला, तेव्हाही नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांसाठीची ही सवलत कायम ठेवण्यात आली.

मध्यंतरी या मोकळिकीला एक महत्त्वाची मर्यादा पडली. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला निघालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या विमानाचे अपहरण होऊन ते कंदाहारला नेण्यात आले. त्यानंतर २००० सालापासून दोन्ही देशांदरम्यान विमानाने प्रवास करणाऱ्या नागरिकांना ओळखपत्र दाखवणे बंधनकारक करण्यात आले. जमिनीवरील सीमेवर मात्र असे बंधन आले नाही. भारताने २००१ मध्ये या सीमेवर सशस्त्र सीमा बल तैनात केले. नेपाळचे सशस्त्र प्रहरी बलही २००१ मध्येच स्थापन झाले आणि पुढे सीमारक्षणाचे काम त्याच्याकडे आले. याचा अर्थ, १९५० च्या करारानंतर जवळजवळ अर्धशतक या सीमेवर माणसांची ये-जा चालू होती, पण खास सीमेसाठी नेमलेले सुरक्षा दल तेथे नव्हते.

गुन्ह्यांचे प्रकार

सीमेवरील गुन्ह्यांचा विचार करताना ते सरसकट एका मापाने मोजता येत नाहीत. पहिला प्रकार तस्करीचा आहे. एखाद्या वस्तूची किंमत, कर किंवा कायदा दोन बाजूंना वेगवेगळा असला की तस्करी सुरू होते. सोने, खते, इंधन आणि रक्तचंदन यांची चोरटी ने-आण या सीमेवर वर्षानुवर्षे पकडली जात आहे. बिहारमध्ये एप्रिल २०१६ पासून दारूबंदी लागू झाली आणि नेपाळमधून दारूच्या बाटल्या चोरून आणण्याचा धंदा फोफावला. सीमा त्याआधीही तितकीच खुली होती. दारूबंदीमुळे चोरट्या मालाला गिऱ्हाईक मिळाले आणि सीमा हे केवळ त्याचे साधन झाले.

दुसरा प्रकार बनावट भारतीय नोटांचा. भारतीय रुपया नेपाळच्या बाजारात सर्रास चालतो आणि १९९३ पासून एका भारतीय रुपयाला १.६० नेपाळी रुपये हा दर कायम आहे. परदेशात छापलेल्या बनावट नोटा विमानाने काठमांडूला आणून तेथून सीमेपलीकडे पाठवण्याचे अनेक प्रयत्न तपास यंत्रणांनी उघडकीस आणले. नोव्हेंबर २०१६ मध्ये भारताने ५०० आणि १,००० रुपयांच्या जुन्या नोटा रद्द केल्या, त्याचा फटका मात्र प्रामाणिक माणसालाही बसला. भारतात मजुरी करून घरी पैसे नेणाऱ्या अनेक नेपाळी कामगारांजवळच्या नोटा बदलून मिळाल्याच नाहीत.

तिसरा प्रकार फरारी गुन्हेगारांचा असून तो दोन्ही दिशांनी चालतो. उत्तर प्रदेश आणि बिहारमधील गुन्हेगार नेपाळच्या तराईत आश्रय घेतात आणि नेपाळमध्ये गुन्हा करणारे भारतात उतरतात. बॉम्बस्फोटांच्या अनेक प्रकरणांत हवा असलेला यासिन भटकळ ऑगस्ट २०१३ मध्ये बिहार–नेपाळ सीमेवर पकडला गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळमधील तरुणांच्या आंदोलनाच्या वेळी तेथील अनेक तुरुंग फोडले गेले आणि तेरा हजारांहून अधिक कैदी पळाले. त्यांपैकी काहींनी भारताची वाट धरली. सशस्त्र सीमा बलाने अनेकांना सीमेवरच अडवले. केवळ जवान उभे केल्याने हे साधले नाही. दोन्ही बाजूंच्या सुरक्षा दलांनी एकमेकांना तत्काळ माहिती दिली, हेही त्याचे कारण होते.

मानवी तस्करी आणि मुंबई

चौथा प्रकार सर्वांत क्रूर आहे, आणि महाराष्ट्राचा त्याच्याशी थेट संबंध आला आहे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत सिंधुपाल्चोक, नुवाकोट यांसारख्या काठमांडूभोवतीच्या डोंगराळ जिल्ह्यांतील मुली, विशेषतः तामाङ समाजातील, मोठ्या संख्येने मुंबईच्या कामाठीपुऱ्यात विकल्या जात. विकणारा बहुधा अनोळखी नसे. गावातला ओळखीचा माणूस, दूरचा नातेवाईक किंवा लग्नाचे वचन देणारा तरुण मुलीला ‘शहरात काम मिळवून देतो’ असे सांगून बसमध्ये बसवी. सीमेवर कोणी नाव विचारत नसे आणि विचारलेच तर ‘ही माझी बहीण’ असे उत्तर पुरेसे होई. मुलीने सीमा ओलांडल्याची कोठेही नोंद राहत नसे. एखादी मुलगी हरवल्याची तक्रार गावात झालीच, तरी ती कोणत्या दिशेने गेली हे सांगणारा एकही कागद पोलिसांना मिळत नसे.

फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईच्या कुंटणखान्यांवर पोलिसांनी मोठे छापे घातले आणि चारशेहून अधिक मुली व स्त्रियांची सुटका केली. त्यांत सुमारे दोनशे नेपाळी होत्या. यानंतर जे घडले ते खुल्या सीमेची दुसरी बाजू दाखवणारे आहे. या मुलींना आत येताना एकही कागद लागला नव्हता, पण परत जाताना त्या नेपाळच्या नागरिक असल्याचा पुरावा मागण्यात आला. तेथील नियमांनुसार नागरिकत्वाच्या दाखल्यासाठी वडिलांची कागदपत्रे लागत आणि अनेक मुलींची घरे त्यांना स्वीकारण्यास तयार नव्हती. परिणामी कित्येक महिने त्यांना मुंबईच्या सुधारगृहांत दाटीवाटीने राहावे लागले. अखेर नेपाळमधील स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेऊन शंभराहून अधिक मुलींना मायदेशी नेले.

त्या परतलेल्या मुलींपैकी काहींनी एकत्र येऊन ‘शक्ति समूह’ ही संस्था स्थापन केली. तस्करीतून सुटलेल्या स्त्रियांनीच चालवलेल्या या संस्थेला २०१३ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अनुराधा कोइराला यांनी १९९३ मध्ये स्थापन केलेल्या ‘माइती नेपाल’ या संस्थेचे कार्यही प्रसिद्ध असून भारत सरकारने २०१७ मध्ये कोइराला यांना पद्मश्री देऊन गौरवले. नेपाळी भाषेत ‘माइती’ म्हणजे माहेर. या संस्थेने प्रमुख नाक्यांवर लहान चौक्या उभारल्या. तेथे बसणाऱ्या स्त्रियांपैकी काही जणी स्वतः या यातनेतून गेलेल्या असतात. बस, टांगा किंवा रिक्षातून जाणाऱ्या तरुण मुलीला त्या बाजूला घेऊन साधे प्रश्न विचारतात. सोबतच्या माणसाचे पूर्ण नाव काय? त्याचे घर कोठे आहे? काम कोणाकडे आहे? दोघांच्या उत्तरांत मेळ बसला नाही, तर पोलिसांना बोलावले जाते. कागदपत्रांच्या तपासणीतून जे हाती लागत नाही, ते पुष्कळदा अशा विचारपुशीतून उघड होते.

तस्करीचे रूप काळानुसार बदलत गेले आहे. नेपाळमधील मुले भारतीय सर्कशींमध्ये जवळजवळ वेठबिगारीत राबवली जात. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०११ मध्ये सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्यास मनाई करणारा निकाल दिला. काभ्रे जिल्ह्यातील काही गावांतील गरीब माणसांना भारतात आणून, त्यांची दिशाभूल करून मूत्रपिंडे काढून घेतल्याची प्रकरणेही उघडकीस आली. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात नेपाळमध्ये सुमारे नऊ हजार माणसे दगावली आणि लाखो घरे कोसळली. तेव्हा निराधार झालेल्या मुलामुलींच्या शोधात दलाल त्या भागांत फिरू लागल्याने सीमेवरील देखरेख वाढवावी लागली. संकट जेथे आले तेथे दलाल पोहोचला, हे या सर्व प्रकरणांतून दिसते. सीमा खुली असल्याने त्याचे काम सोपे झाले. परंतु मुलगी त्याच्या हाती लागली ती गावातल्या दारिद्र्यामुळे, अर्ध्यावर सुटलेल्या शाळेमुळे आणि फसव्या आश्वासनामुळे.

माणूस ओलांडतो, कायदा थांबतो

येथे एक मूलभूत विसंगती लक्षात घ्यावी लागते. १९५० च्या कराराने माणसांना सीमा ओलांडण्याची मुभा दिली. पोलीस, न्यायालय आणि साक्ष यांना मात्र तशी मुभा मिळाली नाही. भारतीय पोलीस सीमेपाशी थांबतो आणि नेपाळी पोलीसही. गुन्हेगाराच्या दृष्टीने दशगज्यापलीकडचे पाऊल म्हणजे सुटका ठरते.

दोन्ही देशांमधील प्रत्यार्पणाचा करार १९५३ सालचा आहे. त्या वेळी आर्थिक घोटाळे, संगणकीय गुन्हे आणि आजच्या स्वरूपाचा दहशतवाद यांचा विचार होण्याचे कारण नव्हते. नव्या कराराच्या मसुद्यावर २००५ मध्ये प्राथमिक सहमती झाली, पण तो प्रत्यक्षात आला नाही. जुलै २०२५ मध्ये दोन्ही देशांच्या गृहसचिवांच्या बैठकीत फौजदारी प्रकरणांतील परस्पर कायदेशीर साहाय्याच्या कराराचा मसुदा निश्चित करण्यात आला आणि सुधारित प्रत्यार्पण करार लवकर पूर्ण करण्याचे ठरले. हा उशीर अनेक दशकांचा आहे. या काळात सीमेवरील पोलीस अधिकारी अनेकदा परस्पर समजुतीने संशयितांना एकमेकांच्या स्वाधीन करीत आले. यामुळे काही गुन्हेगार सापडतात हे खरे. परंतु न्यायालयापुढे न नेता माणूस एका देशातून दुसऱ्या देशात सोपवला जातो, तेव्हा निरपराध माणसालाही दाद मागण्याची संधी राहत नाही.

मानवी तस्करीविरुद्ध दोन्ही देशांत कडक कायदे आहेत. भारतीय राज्यघटनेचे कलम २३ माणसांच्या व्यापाराला बंदी घालते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ नुसार मानवी तस्करीसाठी किमान सात वर्षांची सक्तमजुरी आहे. परदेशातून मुलीला किंवा मुलाला लैंगिक शोषणासाठी आणणे हा कलम १४१ नुसार स्वतंत्र गुन्हा आहे. नेपाळच्या २००७ च्या कायद्यात माणसाची खरेदी-विक्री करणाऱ्यास वीस वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. पीडितेचा जबाब न्यायालयाकडून लगेच प्रमाणित करून घेण्याची सोयही त्यात आहे, जेणेकरून ती नंतर हजर राहू शकली नाही तरी जबाब पुरावा म्हणून ग्राह्य धरता येतो. सार्क राष्ट्रांनी २००२ मध्ये काठमांडू येथे स्त्रिया आणि मुलांच्या तस्करीविरुद्ध करार केला.

तरीही शिक्षेपर्यंत पोहोचणारे खटले थोडेच असतात. गुन्ह्याचा आरंभ नेपाळच्या गावात, मधला टप्पा सीमेवर आणि शेवट मुंबईत किंवा दिल्लीत झालेला असतो. गावातल्या दलालाला मुंबईचे पोलीस पकडू शकत नाहीत आणि मुंबईतल्या मालकिणीला नेपाळी पोलीस हात लावू शकत नाहीत. सुटका झालेली मुलगी घरी परतली की तिला साक्षीसाठी पुन्हा शेकडो मैलांचा प्रवास करून, जेथे तिचा छळ झाला त्याच शहरात यावे लागते. अनेक जणी येत नाहीत. मग खटला रेंगाळतो आणि आरोपी सुटतात.

युरोपने काय केले?

या संदर्भात युरोपचे उदाहरण उद्बोधक आहे. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधील शेंगेन या गावी पाच देशांनी आपापसांतील सीमांवरील तपासणी हळूहळू उठवण्याचे मान्य केले. परंतु तपासणी प्रत्यक्षात उठली ती तब्बल दहा वर्षांनी, २६ मार्च १९९५ रोजी. मधल्या काळात, १९९० च्या अंमलबजावणी करारात, मोकळिकीची भरपाई करणाऱ्या तरतुदी ठरवण्यात आल्या. फरारी आरोपी, हरवलेल्या व्यक्ती आणि चोरीची वाहने यांची सामाईक माहितीप्रणाली उभारण्यात आली. ठरावीक अटींवर एका देशाच्या पोलिसांना आरोपीचा पाठलाग करीत दुसऱ्या देशात शिरण्याची परवानगी मिळाली. पुढे २००४ पासून युरोपीय संघात सामाईक अटक वॉरंट अमलात आले आणि प्रत्यार्पणाची लांबलचक प्रक्रिया बरीच आटोपशीर झाली.

या उपायांनी युरोपातील गुन्हेगारी नाहीशी झाली, असे नव्हे. स्त्रियांची तस्करी आणि अमली पदार्थांचा व्यापार तेथेही चालतो, आणि काही देशांनी अधूनमधून तात्पुरती तपासणी पुन्हा सुरू केली आहे. तथापि तेथे माणसांसाठी सीमा उघडताना कायद्यासाठीही ती काही प्रमाणात उघडण्यात आली. भारत आणि नेपाळ यांच्या बाबतीत पहिली गोष्ट १९५० मध्ये झाली आणि दुसरी अद्याप अपुरी आहे.

सीमा बंद केल्यास काय होते?

सीमा बंद करावी, अशी मागणी दोन्ही देशांतून अधूनमधून होते. बंद सीमेचा अनुभव मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीने दिला. नेपाळने सीमा रोखली तेव्हा भारतातील रोजगार बुडालेले हजारो नेपाळी मजूर पायी सीमेपर्यंत आले आणि तेथेच अडकून पडले. धारचुला येथे काही तरुणांनी महाकाली नदीत उड्या टाकून पलीकडचा तीर गाठला आणि आपल्याच देशात पाऊल ठेवताच त्यांना ताब्यात घेण्यात आले. नाक्यावर अडले ते कामगार, रुग्ण आणि नातेवाईक. चोरट्या वाटा जाणणाऱ्यांना नाक्याची गरज कधीच नव्हती.

स्त्रियांवरील निर्बंधांचा अनुभव याहून बोलका आहे. आखाती देशांत घरकामाला जाणाऱ्या स्त्रियांचा छळ होतो म्हणून नेपाळने १९९८ पासून वेळोवेळी त्यांच्या जाण्यावर बंदी किंवा वयाची अट घातली. २०१२ मध्ये तीस वर्षांखालील स्त्रियांना आखाती देशांत घरकामासाठी जाण्यास मनाई करण्यात आली. हेतू संरक्षणाचा होता. पण घरची गरज संपली नव्हती. काठमांडूच्या विमानतळावरून जाणे बंद झाले, तेव्हा स्त्रिया खुल्या सीमेने भारतात येऊन दिल्ली, मुंबई आणि कोलकात्याहून विमान पकडू लागल्या. अधिकृत मार्गाने गेलेल्या स्त्रीची नोंद आपल्या सरकारकडे असते, तिच्याजवळ नोकरीचा करार असतो आणि संकटात ती दूतावासाकडे धाव घेऊ शकते. चोरवाटेने गेलेल्या स्त्रीजवळ यांपैकी काहीच नसते. ती सर्वस्वी दलालावर अवलंबून राहते. बंदीने तिचे जाणे थांबले नाही, फक्त तिचे संरक्षण काढून घेतले गेले.

पुढील दिशा

भारत आणि नेपाळ यांनी २०१६ मध्ये मान्यवर व्यक्तींचा एक संयुक्त गट नेमला होता. त्याचा अहवाल २०१८ मध्ये तयार झाला, परंतु तो दोन्ही सरकारांनी औपचारिकरीत्या स्वीकारला नाही. जमिनीवरील सीमा ओलांडतानाही ओळखपत्र दाखवावे, हा पर्याय या चर्चेत सातत्याने पुढे येतो. व्हिसा नको, पण ओळख आणि नोंद असावी, असा त्यामागील विचार आहे. त्यामुळे हरवलेल्या मुलीचा माग काढणे सोपे होईल. मात्र डोंगरातल्या अनेक गरीब नागरिकांजवळ, विशेषतः स्त्रियांजवळ, नागरिकत्वाचा दाखलाच नसतो. आधी तो दिल्याशिवाय ओळखपत्राची सक्ती केल्यास त्यांना पुन्हा आडवाटेने जावे लागेल.

काही उपाय अमलात येत आहेत. रक्सौल, जोगबनी आणि रुपईडिहा येथे एकात्मिक तपासणी नाके उभारले गेले आहेत. सशस्त्र सीमा बलात मानवी तस्करीविरोधी पथके आहेत. २०१९ पासून राष्ट्रीय तपास संस्थेला मानवी तस्करीच्या गुन्ह्यांचा तपास करण्याचा अधिकार मिळाला आहे. यांच्या जोडीला परस्पर कायदेशीर साहाय्याचा करार अमलात आला आणि पीडितेला आपल्या गावाजवळूनच दृक्‌श्राव्य माध्यमातून साक्ष देता आली, तर खटल्यांची स्थिती सुधारू शकेल.

ख्रिस्तसभा आणि आपण

मानवी तस्करीचा प्रश्न ख्रिस्तसभेला नवीन नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात गुलामगिरी, वेश्याव्यवसाय आणि स्त्रिया व मुलांची विक्री यांची गणना मानवी प्रतिष्ठेवर घाला घालणाऱ्या दुष्कृत्यांत केली आहे. संत जोसेफिन बखिता यांना सुदानमध्ये बालपणीच पळवून नेऊन अनेकदा विकण्यात आले होते. पुढे इटलीत त्यांना स्वातंत्र्य मिळाले आणि त्या कनोसा संस्थेच्या धर्मभगिनी झाल्या. दिवंगत पोप फ्रान्सिस यांच्या पुढाकाराने २०१५ पासून त्यांचा सण, ८ फेब्रुवारी, मानवी तस्करीविरोधी जागतिक प्रार्थनादिन म्हणून पाळला जातो. धर्मभगिनींचे ‘तालिथा कुम’ हे आंतरराष्ट्रीय जाळे २००९ पासून या क्षेत्रात कार्यरत आहे.

सीमा आपल्यापासून दूर असली तरी तेथून येणाऱ्या वाटेचे शेवटचे टोक आपल्या परिसरात असते. घरकामासाठी दलालामार्फत मुलगी आणली जात असेल, तर तिचे वय, तिच्या आईवडिलांचा पत्ता आणि मजुरी नेमकी कोणाच्या हातात पडते, हे विचारणे आपले कर्तव्य आहे. शेजारच्या घरात, हॉटेलात किंवा कारखान्यात एखादे मूल कोंडून ठेवल्याचा संशय आला, तर १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर, स्त्रियांसाठी १८१ वर आणि तातडीच्या प्रसंगी ११२ वर कळवता येते. रेल्वेत किंवा स्थानकावर असे काही दिसल्यास १३९ हा क्रमांक आहे. स्वतः पाठलाग किंवा चौकशी करू नये, त्यामुळे मूल अधिक संकटात येऊ शकते.

त्याचबरोबर, नेपाळहून आलेल्या प्रत्येक माणसाकडे संशयाने पाहणे हा या माहितीचा विपर्यास ठरेल. आपल्या दारातील पहारेकरी या कराराच्या आधारे, मानाने आणि कायदेशीरपणे आपले घर चालवीत असतो. त्याच्या गावातली एखादी मुलगी त्याच रस्त्याने फसवून आणली गेली असेल, तर ती प्रथम त्याच्याच भाषेत मदत मागेल. त्याच्याशी आपली ओळख असेल, त्याला आपल्यावर विश्वास असेल, तर ती हाक आपल्यापर्यंतही पोहोचू शकेल.